मानेवरचा काळा पट्टा आणि तव्यावरची पोळी

“हा मळ नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी सानिकाचे केस बाजूला केले, ओल्या कापसाने मान जोरात पुसली आणि कापूस मला दाखवला. कापूस पांढराच होता.

सानिका तेव्हा दहा वर्षांची होती. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या शाळेतल्या नेहमीच्या तपासणीत वजन जास्त भरलं, म्हणून आम्हाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. मानेवरचा तो काळपट पट्टा मला माहीत होता. दर रविवारी मी तो डाळीचं पीठ आणि दूध लावून घासत असे. पुण्याहून सासूबाईंनी फोनवर तसंच सांगितलं होतं.

या पट्ट्याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. तिथली त्वचा जाड आणि गडद होते. बऱ्याचदा त्यामागे इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, म्हणजे शरीर इन्सुलिन तयार करतं पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. हे वर्षानुवर्षं चाललं तर मधुमेहाकडे जातं. तुमच्या मुलाच्या मानेवर किंवा काखेत असं काही दिसलं तर घासू नका. डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या तपासण्या हॉस्पिटलमध्ये झाल्या. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टसाठी उपाशीपोटी रक्त घेतात, मग साखरेचं पाणी प्यायला देतात आणि दोन तासांनी परत रक्त घेतात. मधल्या वेळात मुलांना फार हिंडू देत नाहीत. सोबत पुस्तक न्या.

तिथेच रोझारियो भेटली. तिचा नवरा माझ्या नवऱ्यासारखाच इंजिनिअर, मेक्सिकोहून बदलीवर आलेला. मुलगी पाओला, सानिकाच्याच वयाची. रोझारियोने आधी सानिकाच्या मानेकडे बोट केलं, मग पाओलाची वेणी उचलून दाखवली. तसाच पट्टा. “लिंबू,” ती जर्मनमध्ये म्हणाली आणि घासल्याची खूण केली. मी म्हटलं, “पीठ.” दोघी मुली आमच्याकडे तोंड वाकडं करून बघत होत्या.

रिपोर्ट आले. साखर हद्दीच्या काठावर होती. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं, म्हणजे यकृतात चरबी साठलेली. दारूने होतं ते हेच ना, असं मी विचारलं. “दारूशिवायही होतं. मुलांनाही होतं,” डॉक्टर म्हणाले. औषध नव्हतं. “सहा महिने द्या. वजन उतरायलाच हवं असं नाही. ते तिथेच थांबलं आणि उंची वाढली तरी पुरे. फरक पडला नाही तर मी तिला कूरला पाठवीन.”

कूर म्हणजे उत्तर समुद्राच्या काठावरचं मुलांचं आरोग्य केंद्र. तिथे सहा आठवडे राहायचं, आईवडिलांशिवाय. सानिकाचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं, त्यामुळे मला तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. घर आल्यावर ती जर्मनमध्येच म्हणाली, “मी तिथे जाणार नाही. तुम्ही मला पाठवणार नाही, असं सांग.” मला तसं सांगता येईना.

अशा मुलांसाठी, आईवडिलांसह, खाण्यापिण्याच्या सवयी शिकवणारे वर्ग असतात. आमच्या भागातला वर्ग भरलेला होता. पण स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांसाठी एक नवा गट निघाला होता, कारण बदलीवर आलेल्या मेक्सिकन घरांतली बरीच मुलं डॉक्टरांकडे येत होती. रोझारियोने आमचं नाव त्यात घालायला लावलं. शिकवणाऱ्या फ्राऊ सालिनास, म्हणजे सालिनासबाई, पेरू देशातल्या, आहारतज्ज्ञ. प्रत्येक गोष्ट आधी स्पॅनिशमध्ये सांगायच्या आणि मग माझ्या एकटीसाठी जर्मनमध्ये.

मला वाटलं होतं, ब्रेड आणि चीजचा तक्ता हातात पडेल. त्यांनी तक्ता दिला नाही. घरी रात्रीचं जेवण कसं होतं, कोण बसतं, कोण उभं असतं, एवढंच विचारलं. रोझारियो म्हणाली, नवरा आणि मुलं बसतात, मी तव्याशी. तोर्तिया फुगली की सरळ ताटात. तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरीच. बाकीच्या आया माना हलवत होत्या. मीही हलवली.

“मग पाओलाचं पोट भरलं, हे कोण ठरवतं?” फ्राऊ सालिनासनी विचारलं.

“मी.”

“तुम्हाला कसं कळतं?”

“पीठ संपतं ना.”

सगळ्या हसल्या, फ्राऊ सालिनाससुद्धा. मग त्यांनी सांगितलं की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तोवर आपण ताटात आणखी दोन टाकलेल्या असतात. नियम असा: सगळ्या पोळ्या आधी करायच्या, कापडात गुंडाळून टेबलावर ठेवायच्या, आईने बसायचं. मुलीने आपल्या हाताने घ्यायचं. मुलीचं वेगळं पथ्याचं ताट नाही. घराला जे, तेच तिला.

बाकीचे बदल मी एका आठवड्यात करून टाकले. सफरचंदाचा रस बंद, पाणी सुरू. तूप चमच्याने, धार नाही. शाळेत गाडीने नाही, चालत. जमलं. बसणं मात्र जमेना. भाजी संपली, मीठ राहिलं, काही ना काही निघायचं आणि मी उठायचे.

त्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. मी पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला.

“डब्यातल्या पोळ्या प्रवासाला न्यायच्या असतात,” त्या म्हणाल्या. “आपण कुठं निघालोय?”

“आई, सानिकासाठी आहे हे. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“मग मंदारनं का गार खायचं?”

“मला चालतं, आई,” माझा नवरा मंदार म्हणाला.

“तुला बायको म्हणेल ते चालतंच.”

मी बसले की त्या उठायच्या. तवा तापवायच्या आणि नातीला गरम पोळी वाढायच्या, वर तूप. सानिका खायची. पुढच्या तपासणीची तारीख जवळ येत होती आणि वजनाचा काटा पुन्हा वर सरकला होता.

एका शनिवारी रोझारियो आणि पाओला जेवायला आल्या. सासूबाई तव्याशी. रोझारियोने एक पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीला “नाईन, दांके” म्हणाली, म्हणजे नको, धन्यवाद. “लाजतेय,” सासूबाई म्हणाल्या आणि वाढली. चौथीला रोझारियोने दोन्ही हात ताटावर धरले. पोळी तिच्या हातांवर पडली. चांगली गरम होती.

सानिका घरात मराठीत कधी उत्तर देत नाही. तेव्हा दिलं. “आजी, तिला खरंच नको आहे. मला पण नको असते.”

“अगं, मग सांगायचं ना.”

“सांगते. रोज. तू हसते आणि वाढते.”

सासूबाईंनी उलथनं खाली ठेवलं. मग शेगडी बंद करून येऊन बसल्या. रोझारियोला शब्द कळले नव्हते, पण बाकी कळलं असावं. माझी आईही अशीच वाढते, ती जर्मनमध्ये म्हणाली. सानिकाने आजीला ते सांगितलं.

“तिला म्हणावं, तुझी आई बरोबर आहे,” सासूबाई म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. नंतरही फारशा उठल्या नाहीत. मीही मीठ आधीच टेबलावर ठेवायला लागले.

सहा महिन्यांनी परत रक्त, परत सोनोग्राफी. वेटिंग रूममध्ये सानिका माझ्या शेजारी बसली नाही, खिडकीशी उभी राहिली. साखर हद्दीच्या आत आली होती. यकृतातली चरबी कमी झाली होती, पूर्ण गेली नव्हती. मानेवरचा पट्टा फिकट होता. वजन जवळपास तेवढंच, उंची वाढलेली. “तर मग, कूरची गरज नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण तपासण्या चालू ठेवायच्या.”

तुम्ही या वाटेला आत्ता लागला असाल तर एवढं लक्षात ठेवा: हे कधी पूर्ण संपलं असं कोणी सांगत नाही. पाओलाला आणखी काही महिने लागले. रोझारियो आणि फ्राऊ सालिनास नसत्या, तर मी अजून तूप मोजत तव्याशीच उभी असते.

त्या दिवशी निघताना डॉक्टरांनी विचारलं, घरात नेमकं काय बदललं? मी रस, तूप, चालणं, सगळं क्रमाने सांगायच्या तयारीने गेले होते. पण ते सानिकाकडे बघत होते.

“आई आता आमच्याबरोबर जेवते,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी ते तिच्या फाइलमध्ये लिहिलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.