सिस्टरबाईंचा घरोघर सर्वे

आमच्या घरात दोनच गोष्टींची भीती असायची: हळदीचा हंगाम संपण्याची आणि सिस्टरबाईंची. हंगाम संपला की आबांना वसमतच्या मोंढ्यात हमाली मिळायची नाही, आईला कुणाच्याही रानात निंदायला जावं लागायचं, आणि कुरुंदा गावातल्या आमच्या एका खोलीत पाच माणसं एकाच पातेल्याकडं बघत बसायची. ही भीती वर्षातून काही महिन्यांची. सिस्टरबाईंची मात्र बारमाही. सरकारी नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी वसमत तालुक्यातच काढली आणि अख्ख्या तालुक्याला सुई टोचली. त्या रस्त्यानं येताना दिसल्या की चांगले मिशीवाले गडी आपोआप दंडावर हात ठेवायचे. मोंढ्यातला एक आडत्या तर त्या दुकानात शिरल्या की उभाच राहायचा. बसायचं त्याचं धाडस व्हायचं नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा तालुका हुश्श म्हणाला, पण ते काही टिकलं नाही. घरोघर फिरायची सवय पायांना लागलेली, पाय ऐकेनात. त्यातच एका लग्नात त्यांना नवरीचं ब्लाउज दिसलं. पाठीवर पांढऱ्या दोऱ्यानं कापसाची बोंडं भरलेली. सगळे म्हणाले, नांदेडहून आणलं. बाईंनी अक्षता पडायच्या आधी नवरीला खांद्याला धरून फिरवली, गळ्याची कड उलटी करून बघितली आणि भरमांडवात जाहीर केलं, "हे नांदेडचं न्हाई. दुकानवाले आतून इतकं साफ करीत न्हाईत. हे इथल्याच कुन्या लेकराचं काम हाय." नवरीची आई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते लेकरू शोधून काढलं. तीन गल्ल्या पलीकडं राहणारी, बारावीला दोनदा नापास झालेली एक मुलगी. तिला वाटत होतं, आपल्याला काहीच येत नाही.

तिथून बाईंचा सर्वे सुरू झाला. वसमतमध्ये नवीन काही शिवणारं, भरणारं, ओवणारं, घडवणारं जे कुणी असेल ते हुडकून काढायचं. पद्धत नोकरीतलीच. गल्लीच्या एका टोकाला सुरुवात करायची, एकही घर सोडायचं नाही, रजिस्टरात नोंद करायची आणि दारावर खडूनं खूण करायची. काम बघून झालं तर बरोबरची खूण. काम आहे पण माणूस लपवून ठेवतंय असं वाटलं, तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं, हाती लागेपर्यंत जायचं. पहिल्या भेटीला त्या पहिला डोस म्हणत.

या सर्वेत मी कशी सापडले ते सांगते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, आणि आबांनी पोटाला चिमटा घेऊन मला वसमतला खोली घेऊन दिली. तलाठी व्हायचं म्हणून. सिस्टरबाई त्याच गल्लीत राहायच्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा दंड धरला. "तू कुरुंद्याच्या हमालाची संगी ना? तुला गोवर मीच टोचला. बी.ए. झाली म्हनं. मग अक्षर बराबर असंल. चल."

म्हणून रजिस्टर माझ्याकडं आलं, आणि जिवाला घोरही. बाई कुणालाही कुठंही धरायच्या. सिद्धेश्वर धरणाकडं जाणाऱ्या एस.टी.त त्यांनी एका अनोळखी गड्याची पिशवी त्याच्या मांडीवरून उचलली आणि उलटी केली. त्याची तंबाखू, चावी, आधार कार्ड, सगळं माझ्या पायावर. मी खिडकीकडं तोंड करून आता मार बसतो याची वाट बघत होते. "कुनी केली ही?" बाईंनी विचारलं. गडी ताडकन उठायला लागला, तेवढ्यात त्यानं बाईंचं तोंड नीट बघितलं आणि खाली बसला. "सूनबाईनं, सिस्टर. जाळ्याच्या दोऱ्यानं इणती." आम्ही त्याच्याबरोबरच उतरलो. धरणाच्या काठाला मासेमाराचं घर, आणि आत एक लाजाळू बाई जाळं विणायच्या सुईनं अशा नाजूक पर्स विणत बसलेली की मी रजिस्टर लिहायचंच विसरले.

लोकांचीही भीती काही कमी नव्हती. आमच्या मागच्या गल्लीत एक पोरगा मुलींचे कुर्ते शिवायचा. त्याला गळ्यांचे नवेनवे घाट सुचायचे. शेजारच्या दारावरची खूण वीजवाल्यांची समजून त्यानं मशीन पलंगाखाली सारली, वर आजारी आजीला झोपवलं आणि हात जोडून उभा राहिला. "मॅडम, मीटर घरगुतीच हाय. धंदा न्हाई करत आमी." पलीकडच्या मोहल्ल्यात जुन्या जरीपासून कानातले करणाऱ्या एका भाभींनी आमच्या पुढ्यात पाणी ठेवलं, आणि त्या मागच्या दारानं निघून गेल्या. बाईंनी दोन्ही ठिकाणी फुली मारली. "भेतेत," त्या म्हणाल्या, "म्हंजे काम चांगलं हाय. ज्याचं काम बेकार त्यो दारातच पकडून दाखिवतो."

हे ऐकून मी रजिस्टरातून मान वर केली नाही. कारण माझ्याही पलंगाखाली काम होतं.

मी अभ्यास करत नव्हते. पहिलं वर्ष केला. मग एकदा मोंढ्यातून फाटका बारदाना, म्हणजे तागाची जुनी पोती, विकत आणला आणि त्याची पिशवी शिवली, आतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यांचं वाकळीसारखं अस्तर. मग दुसरी शिवली. मग पुस्तक उघडलं की मला त्यात पिशवीचाच आकार दिसायला लागला. आबा दर शनिवारी दुपारी आईनं बांधलेली भाकरी घेऊन यायचे. त्यांच्या चपलेचा आवाज आला की मी पिशव्या पलंगाखाली ढकलायची आणि इतिहास उघडून बसायची. माझ्या शिक्षणाचा मला अभिमान होता, अजून आहे. पण बी.ए. झालेली पोरगी पोती शिवते हे आबांना कळलं तर? त्यांनी पाठीवर पोती वाहिली ती माझ्या पाठीवर येऊ नयेत म्हणूनच.

एका सकाळी सिस्टरबाई दारात. "काय करून राहिली गं?"

"अभ्यास."

"अभ्यासानं केसात ताग अडकतो व्हय?" एवढंच बोलल्या आणि गेल्या. जाताना काय केलं ते मी बघितलं नाही. नेमका शनिवार होता.

दुपारी आबा आले, पण आत येईनात. "संगे, ही फुली कशाची?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पोलिओची असंल."

आबांनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पोलिओची?"

"व्हय."

"मग इथं लेकरू कुठंय?"

आबांची नजर पलंगाखाली गेली. तिथून अस्तराचं एक टोक बाहेर आलं होतं. मऊ, जुन्या लुगड्याचं, ठिगळाठिगळाचं. तान्ह्याच्या दुपट्यासारखं. शंभर किलोचं पोतं उचलणारा माणूस उंबऱ्यावर मटकन बसला. मला सांगायचं होतं की तसं काही नाही. पण जे होतं तेही सांगायची छाती होत नव्हती.

सिस्टरबाई समोरच्या ओट्यावरून आल्या. "काहून बसला रं असा?"

"बाई, तुमीच सांगा. तुमच्यापासून काय लपून राहतं? माझ्या पोरीनं..."

बाई वाकल्या, टोक धरलं आणि ओढलं. एकामागून एक चौदा पिशव्या आबांच्या पायाशी येऊन पडल्या. "हे बघ तुझ्या पोरीचं."

आबांनी डोळे पुसले. एक पिशवी उचलली, वास घेतला. "मोंढ्यातला बारदाना हाय ह्यो."

"व्हय आबा. इकत घेतला. फाटका."

मग ते उठले. माझी स्पर्धा परीक्षेची सगळी पुस्तकं एका पिशवीत कोंबली, ती खांद्याला लावली आणि हमाल पोतं जोखतो तसे दोन हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला पट्टा उसवला आणि राज्यघटनेपासून भूगोलापर्यंत सगळं जमिनीवर. मला वाटलं, संपलं. आबा उसवलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिले. "वजन कानावर येतं, पोरी. पोत्याचा काय अन् हिचा काय, कोपराच आधी जातो. तिथं दुहेरी दोरा घाल, अन् टाका आडवा घे." मग पुस्तकांकडं बघून म्हणाले, "अन् परीक्षा?"

"यंदा फॉर्मच भरला न्हाई."

आबांनी पडलेली पुस्तकं एकेक उचलून पलंगावर ठेवली. मग आबा म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगतो. पन मला खोटं सांगत जाऊ नको, संगे. आत्ता मला लई भ्या वाटलं."

सिस्टरबाईंनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "लिही. तुझं नाव लिही." माझं अक्षर त्या दिवशी पहिल्यांदा वेडंवाकडं आलं.

पुढं फुल्यांच्याही बरोबरच्या खुणा झाल्या, आणि बाईंनी बुद्धविहाराच्या सभागृहात सगळ्यांची कामं विकायला मांडली. कुर्तेवाला पोरगा, जरीवाल्या भाभी, बोंडं भरणारी मुलगी, धरणावरची सूनबाई, आणि मी. घ्यायला कुणी येईल की नाही या भीतीनं आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे. बाईंनी रस्त्यावरून माणसं दंडाला धरून आत आणली. एकालाही नाही म्हणता आलं नाही.

आता त्या पुण्याला लेकाकडं असतात, बाराव्या मजल्यावर. मधून मधून फोन येतो. "इथं कुनी मला भेतच न्हाई गं," त्या म्हणतात. "लिफ्टमध्ये एका पोरीचा झगा बघितला, लई भारी. विचारावं म्हनलं. पन ती कानात गाणं घालून उभी, अन् मलाच धीर झाला न्हाई." सिस्टरबाईंना धीर होत नाही, हे ऐकलं की मला कुठं बघावं कळत नाही. मी म्हणते, या इकडं, चार दिवस राहा. त्या म्हणतात, येते. अजून आल्या नाहीत.

मी तलाठी झाले नाही. वसमतच्या बसस्टँडजवळ माझं पिशव्यांचं दुकान आहे, तीन बाया माझ्याकडं शिवतात, आणि हंगाम संपला तरी आमच्या घरात आता चूल पेटते. पाटीवर माझं नाव आहे. नावापुढं बी.ए. लिहिलंय. रंगाऱ्याला ते आबांनी उभं राहून लिहायला लावलं.