शेवटचा सेट

"ऊठ! मार्कर खुर्चीत बसत नाही."

क्लबचे सेक्रेटरी सगळ्यांसमोर ओरडले. पायात गोळा आला होता, तरी उठलो. मग त्यांनी शिपायाकडून खुर्ची पुसून घेतली. ओल्या फडक्यानं, माझ्यादेखत.

मार्कर म्हणजे टेनिस क्लबातला नोकर-मास्तर. मेंबरांशी खेळायचं, त्यांच्या पोरांना शिकवायचं आणि शेवटचा सेट मेंबरला सोडायचा. साहेब जिंकूनच चहाला गेले पाहिजेत, हा मद्रासच्या आमच्या क्लबाचा रिवाज. माझा बाप पलटणीबरोबर साताऱ्याकडून इथं आला, पुढं मार्कर झाला, क्लबामागच्या खोलीत मेला. मग मी. नोकरी गेली की खोली गेली. म्हातारी आई, बायको, पोर घेऊन जाणार कुठं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

त्या दिवशी शहराच्या मुलींच्या संघात एकच जागा उरली होती. त्यासाठी माझी सुमन सेक्रेटरींच्या मुलीशी खेळत होती. सुमन पुढं होती. सेक्रेटरी माझ्या कानाशी आले.

"पोरीला रिवाज शिकवला नाहीस? आता शिकव."

'सरी सार', म्हणजे 'बरं साहेब', हे माझ्या जिभेवर तयारच असतं. तेवढ्यात सुमन पाणी प्यायला आली. आमच्याकडं बघून हळूच म्हणाली, "बाबा, सोडू का?"

अंगाची आग झाली. अरे, हे तिला मी कधी शिकवलं? फोरहँड शिकवला, सर्व्हिस शिकवली. हरणं ती रोज सकाळी मला बघून शिकली होती. मास्तर सांगतो ते पोरं विसरतात, मास्तर करतो ते त्यांच्या अंगात भिनतं. थू माझ्या मास्तरकीवर!

"एक पॉइंट सोडायचा नाही," मी मोठ्यानं म्हणालो. सेक्रेटरींना ऐकू जाईल असं.

सुमन जिंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी रॅकेट घेऊन आले. "नेहमीसारखा खेळ. मग खोलीचं बघू."

मला सगळं समजलं. घरी आईला दम्यानं झोप नव्हती. यापुढं सेट सोडणार नाही, असं मी रात्रीच सांगून टाकलं होतं. बायको रात्रभर एकच म्हणत होती, "एक सेट तर सोडायचाय, सोडा की हो." तिचं तरी काय चुकलं?

मी सुमनला उठवून कोर्टाशेजारी आणून बसवलं. शेवटचा सेट आला. भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू? पण जो शिकवतो त्यानं मुद्दाम हरायचं नाही. उद्या फुटपाथवर शिकवावं लागलं तरी नाही.

चेंडू वर फेकला आणि सर्व्हिस मारली. अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून.