कोपऱ्यात बसलेला उंदीर

उंदरांना गुंगीचं औषध टोचायचं आणि ते किती कमी हलतात हे मोजायचं, यावर माझं पोट चालतं. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते. विद्यार्थी हल्ली हा प्रयोग संगणकावर उरकतात, पण संशोधनाला अजून जिवंत उंदीर लागतो. त्याला एका पेटीत सोडतात. पेटीत आरपार प्रकाशाचे किरण असतात. उंदीर फिरला की किरण तुटतो आणि यंत्रावरचा आकडा चढतो. औषध लागू पडलं की आकडा थंडावतो. मग आम्ही समाधानाने लिहितो, 'प्राणी शांत.' उंदराला कोण विचारतंय!

आमच्या सासूबाईंचा आकडा मात्र कधी थंडावलाच नव्हता. सगळा जन्म कळवणकडच्या खेड्यात गेला. सासरे वारल्यावर त्या सातपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आल्या, त्या आवाजासकट. पंचवटीच्या बाजारात त्यांनी मेथीची जुडी उचलली की भाजीवाली आधीच हात जोडायची. सकाळी दातांना मशेरी लावता लावता माझा उद्धार व्हायचा. "एवढी शिकली, पन भाकर फुगत नाय!" मीही काही कमी नाही. "मग तुम्हीच थापा," म्हणायचे. त्या खरंच थापायला बसायच्या. आमचं छान चाललं होतं.

मग एकदा त्यांनी पार्किंगमध्ये चारचौघांसमोर सोसायटीच्या अध्यक्षांना फैलावर घेतलं. टाकीतलं पाणी गाड्या धुवायला आणि झाडं वाळलेली, एवढाच मुद्दा होता, आणि तो शंभर टक्के बरोबर होता. पण माझ्या नवऱ्याचं नाक कापलं गेलं. तो आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला, मीही बरोबर गेले. चिडचिड, झोप नाही, सारखी बडबड, सगळं त्यानेच सांगितलं. सासूबाईंनी तोंड उघडलं तर म्हणाला, "बघा डॉक्टर, हे असं." रात्रीची एक गोळी मिळाली. लहानच डोस होता, औषध माझ्या ओळखीचं होतं, म्हणून मीही मान डोलावली.

आठवड्यात सासूबाई गप्प झाल्या. नणंद फोनवर म्हणाली, "आई किती शांत झाली गं!" नवरा तर हवेतच होता. गोळी कायमचीच चालू ठेवू, पुढच्या वेळी डॉक्टरांना तसं सांगू, म्हणाला. मला मात्र घर खायला उठलं. एकदा मी मुद्दाम भाकरी करपवली. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि ताट धुऊन ठेवलं. मला रडूच आलं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई स्टुलावर उभ्या. वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी दोन्ही हातांनी उतरवत होत्या. पाय अगदी ठाम.

आमच्याकडे आणखी एक यंत्र असतं, फिरता दांडा. साधा उंदीर त्याच्यावर तोल सांभाळून चालत राहतो आणि गुंगीतला पटकन खाली पडतो. स्टुलाकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेटीत गुंगीतला उंदीर हलत नाही हे खरं, पण घाबरलेलाही हलत नाही. तोही कोपऱ्यात अंग चोरून बसतो, आणि यंत्रावर दोघांचा आकडा सारखाच दिसतो. हे मी दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगते.

"आई, गोळी घेता ना?"

त्या खाली उतरल्या, बरणी ओट्यावर ठेवली. मग कनवटीची मशेरीची डबी काढून माझ्यासमोर उघडली. काळ्या भुकटीत सगळ्या गोळ्या होत्या.

"एक बी नाय गिळली."

"अहो, मग बोलत का नाही?"

"लय बोलते म्हनून एक दिली. अजून बोलले तर दोन द्याल."

त्यांनी डबी पुन्हा कनवटीला लावली.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. आधी त्याला खोटंच वाटलं. मग म्हणाला, "अगं, पण गोळीच घेतली नाही, तर ही इतके दिवस गप्प कशी?" आणि त्याचं त्यालाच उत्तर सापडलं असावं, कारण घास तसाच हातात राहिला.

सासूबाईंनी आमटीचा भुरका घेतला.

"मीठ कमी हाय," त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि आधी त्याच्या, मग माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"मोठ्यानं बोला आई," मी म्हटलं, "ऐकू नाही आलं."