अक्कांच्या डोक्यावरची पाल

देवीला दम देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आमच्या शेजारच्या अक्का. विक्रोळीत आमच्या चाळीच्या टोकाला मारीअम्मनचं लहानसं देऊळ आहे. अक्कांच्या तमिळ गावाकडची ही देवी. आम्ही तिथे मान खाली घालून हात जोडतो, अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. नळाला पाणी आलं नाही की देवीला जाब, भात करपला की देवीला जाब, आणि तोही मराठीत. मी एकदा भीतभीत कारण विचारलं तर म्हणाल्या, "तमिळमध्ये बोलली तर तिला लागेल गं. आई हाय ती." पावसाळ्यात देवीचा उत्सव येतो, तेव्हा दहा दिवस त्या चप्पल घालत नाहीत. पवईच्या ज्या ऑफिसात त्या जेवण बनवतात, तिथल्या साहेबांनी विचारलं, "चप्पल चोरीला गेली का?" अक्का म्हणाल्या, "नाय साहेब, देवीने ठेवून घेतली."

सहा वर्षांपूर्वी उत्सवाच्या आदल्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "उद्या मी पाल घेऊन चालणार. डोक्यावर." मी नकळत भिंतीकडे पाहिलं. "जिवंत?" त्या म्हणाल्या, "ताजी पायजे. सकाळीच आणणार." मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर पितळी घड्यात दूध, तोंडाशी कडुलिंबाचा पाला. त्यांच्या भाषेत पाल म्हणजे दूध! तेव्हापासून सगळी चाळ "अक्कांची पाल निघाली" असंच म्हणते.

यंदा त्यांचे गुडघे सुजले होते. मी म्हटलं, "अक्का, या वर्षी राहू द्या ना."

"येडी काय तू? तुझ्या पोरीला ताप चढला होता, आठवतं? सात वर्षं पाल आणीन, बोलली मी देवीला. हे सातवं."

मला हे माहीतच नव्हतं. "मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुला कशाला सांगू? ताप माझ्या समोर चढला, नवस मी बोलली."

मिरवणूक हायवेजवळून निघाली. ढोल, हळदीने पिवळ्या झालेल्या ओल्या साड्या, आणि मी नेहमीसारखी कडेला, माणसांच्या आडून चालणारी. अर्ध्या वाटेत अक्कांचा गुडघा लचकला. घडा जमिनीला टेकला तर नवस मोडतो. त्यांनी गर्दीत मला शोधलं. "ए, इकडे ये. डोकं दे."

मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, ती आपल्यातली नाय."

"पोरगी हिचीच हाय ना? मग?"

आणि घडा माझ्या डोक्यावर आला. डोक्यावर दूध असलं की मान खाली घालता येत नाही. चारचौघांत मी पहिल्यांदाच समोर बघत चालले, खांद्यावर अक्कांचा हात घेऊन. देवळाशी त्यांनी घडा परत घेतला, पुजाऱ्याच्या हातात दिला. काळ्या दगडावरून दूध ओघळलं, ढोल थांबला, आणि देवीचे डोळे उजळले.

घडा आणणाऱ्या बायकांचे पाय हळदीच्या पाण्याने धुतात. माझी मुलगी, आता नववीत आहे, तांब्या घेऊन अक्कांपुढे बसली. "बस गं, बस, पाणी वाया जातंय," म्हणत अक्का दुसरीकडेच बघत राहिल्या. देवीला धाक घालणाऱ्या बाईचे पाय मी तेव्हा नीट पाहिले. माझ्या मुलीच्या ओंजळीत मावतील एवढेसेच होते.