पिवळ्या बंडीतला टेरेल

"टेरेलचा संघाला काही उपयोग झाला नाही," असं मंगळवारी सकाळी आमच्या कोचसाहेबांनी जाहीर केलं. ऐकून माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं या अमेरिकन फुटबॉल संघाचे घामट कपडे धुतेय मी. कोण किती राबतो, ते मला नका शिकवू!

टेरेल बोड्री लुइझियानाचा, बाप कोळंबी पकडणारा. एप्रिलात संघांनी कॉलेजची पोरं निवडली, तेव्हा याचा नंबर पाचव्या फेरीत लागला. सप्टेंबर सरला तरी त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही. रेडिओवरचे शहाणे लगेच सुरू, "फुकट गेली निवड!" अरे, आल्या आल्या पोराने काय चमत्कार करायचा?

आमच्याकडे नव्या पोरांना सरावात शत्रू व्हावं लागतं. येत्या रविवारी समोर जो भारी गडी असेल, त्याच्या नंबराची पिवळी बंडी घालायची आणि हुबेहूब त्याच्यासारखं अंगावर धावून यायचं. त्या आठवड्यात समोर होता डेकर. चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला दर सामन्यात दोन-तीनदा तरी आडवा करणारा राक्षस. त्याला अडवायचं काम आमच्या ग्रेडीचं.

टेरेल जेवतानासुद्धा डेकरचे जुने सामने बघायचा. "मिस आयरीन, हा उसळायच्या आधी डावी टाच उचलतो, बघा!" म्हणत धुलाईखोलीत करून दाखवायचा.

"बाबा रे, माझी बादली लाथाडशील!"

तीन दिवस त्याने ग्रेडीला लोळवलं. ग्रेडी शिव्या घालत उठायचा. पण शुक्रवारपर्यंत टाच हलली रे हलली की गडी तयार!

रविवारी डेकरला आमच्या क्वार्टरबॅकला हातसुद्धा लावता आला नाही. आम्ही जिंकलो. सामना गाजवणाऱ्याला देतात तो मानाचा चेंडू ग्रेडीला, आणि टेरेलला मंगळवारी नारळ! म्हणे, कागदावर त्याच्या नावापुढे काहीच नाही.

"जाऊ द्या, मिस आयरीन," म्हणाला आणि बॅग उचलून गेला. जाऊ द्या काय, कप्पाळ!

बुधवारी सराव संपल्यावर ग्रेडी माझ्या खोलीत आला. "टेरेल कुठंय? आज भलत्यालाच बंडी घातलीय. त्याला काही म्हणता काही येत नाही."

"काढला त्याला. उपयोगाचा नव्हता ना!"

ग्रेडीचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "आयरीन, रविवारी मी डेकरला नाही गं अडवलं. मी टेरेललाच अडवत होतो."

"मग हे मला काय सांगतोस?" मी ओरडलेच. "चेंडू घेताना सांगायचं होतंस!"