सुट्या पानांचा पेपर

आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल बबननाना पेपर आला की त्याची पानं सुटी करत आणि पत्ते वाटावेत तशी वाचकांत वाटत. "पुढचं पान ज्याच्याकडं आसंल त्याच्याशी गोडीनं बोलायचं, हिसकायचं न्हाई," असा त्यांचा दंडक.

ही वेळ मीच आणलेली. सरकारी अनुदान घटलं तेव्हा चिटणीस म्हणून मी मोठ्या तडफेनं एक सोडून सगळे पेपर बंद केले. जो ठेवला तो शब्दकोड्यासाठी. ते मला एकदाही सुटलं नाही, तो भाग वेगळा.

भांडणं होतील असं वाटलं होतं. झाला नुसता गलका. एकदा चोरीच्या बातमीचं पुढचं पान बेल्ह्याचा एक बैलांचा व्यापारी चुकून घेऊन गेला. मी धावत जाऊन एसटीत चढलो, त्याच्या हातातला कागद ओढला. आत भेळ निघाली.

"पावणं, भूक लागली व्हती तर मागायचं की!" तो म्हणाला. पान त्याच्या खिशात होतं. नाना पुढं कित्येक दिवस मला 'भेळवाले चिटणीस' म्हणत.

मग घरोघरी टीव्हीवर दिवसभर बातम्या सुरू झाल्या आणि वाचक गळत गेले. नानांची बायको वारलेली, मुलगी वारूळवाडीला दिलेली. घरी जायची घाई त्यांना कधीच नसे. पुढच्या कपातीत समितीनं वाचनालय संध्याकाळी बंद ठेवायचं ठरवलं. नानांना ते सांगायचं काम अर्थातच चिटणिसाकडं.

मी गेलो तेव्हा ते एकटेच बसले होते. विषय काढायला जीभ रेटेना, म्हणून मी अख्खा पेपर उचलून तोंडापुढं धरला. नानांनी तो हळूच काढून घेतला, पानं सुटी केली, पहिलं मला दिलं आणि बाकीची स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"आता कशाला नाना? दोघंच तर आहोत."

"समदा पेपर तुमच्याकडं आसल्यावर माझ्याशी बोलाल कशाला, राव?"

मी समितीचा निर्णय सांगून टाकला. 

"कधीपासनं?"

"उद्यापासून."

"मंग आज हाय की. वाचा तुमच्याकडचं."

मी वाचलं. पुढचा मजकूर त्यांच्या मांडीवर होता. नानांनी चष्मा पुसला, पान उलगडलं. बातमीच्या चारच ओळी उरल्या होत्या. कुलूप लावायची वेळ होईपर्यंत त्यांनी त्या पुरवल्या.