सापाला केलेला आग्रह

मी चौथी शिकलोय. पास झालो असं मास्तर म्हणले होते, मी काही कागद बघितला नाही, बघून वाचता आला असता का तेही माहीत नाही. तरी योकोहामात एका इंडियन हॉटेलात तंदूर सांभाळतो. जपानी लोक माझ्या हातचं नान खातात आणि म्हणतात, अगदी तुमच्या गावासारखं असणार हे. मी मान हलवतो. नान मी स्वतः पहिल्यांदा खाल्लं ते जपानात आल्यावर.

आमच्या घरी साप आला तो भूकंपानंतर. हॉटेलात रोज जेवायला येणारा पुण्याचा एक कंप्युटरवाला होता, एकटाच राहायचा. भूकंप झाला, अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या, तशी त्याच्या आईनं फोनवर रडून रडून त्याला परत बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी हा काचेची पेटी घेऊन आमच्या दारात उभा.

"काका, दोनच आठवडे ठेवा. ह्याला विष नाही."

मी म्हणलं, "कोणाला?"

त्यानं वरचं फडकं काढलं. मी जो मागं सरकलो तो थेट मोरीत. केशरी रंगाचा, मनगटाएवढा जाड, लांबीला मी आडवा होईन तेवढा. कॉर्न स्नेक म्हणतात त्याला. मका काही खात नाही, उंदीर खातो. वय दहाच्या आसपास असावं, म्हणला. माझ्या तोंडावर "नाही" आलं होतं, पण तेवढ्यात ही आतनं आली, पेटीत बघितलं, आणि त्याच्या हातातनं पेटी घेऊन आत गेली.

हिचं काय झालं ते मला लगेच कळलं. आमच्याकडं नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात. जिला भाऊ नाही तिचा भाऊ नाग. हिला एकच भाऊ होता, दोन वर्षांनी मोठा, तो शाळेत असतानाच तापानं गेला. तेव्हापासनं हिचा उपवास नागाचा. दर वर्षी पाटावर चंदनानं नाग काढायची आणि त्याला दूध-लाह्या दाखवायची. आता पाटावरनं उठून तो घरातच राहायला आला होता.

"दादा म्हणायचं ह्याला," ती म्हणली.

म्हणजे उतारवयात मला मेहुणा मिळाला. लग्नात माझा कान पिळायला हिला सख्खा भाऊ नव्हता, चुलतभावानं पिळला होता. ह्याला हातच नाहीत म्हणून मी वाचलो.

त्या महिन्यात रोज धक्के बसायचे. एकदा संध्याकाळी बिल्डिंग चांगलीच हलली, तसा मी जिन्यावरनं खाली पळालो. खाली गेल्यावर बघतो तर माझ्या हातात भाताचा कुकर. बायको नाही, पासपोर्ट नाही, कुकर. मागनं ही शांतपणे उतरली, कडेवर सापाची पेटी. शेजारचे जपानी लोक आम्हा दोघांकडं बघत होते. ही म्हणली, "झाला भात?"

कंप्युटरवाला काही परत आला नाही. पहिलं वर्षभर फोटो मागायचा, मग त्याचं लग्न झालं.

आता खाण्याचं. जाताना तो सांगून गेला होता, दहा-पंधरा दिवसांनी एक उंदीर. बर्फातले उंदीर पाकिटात मिळतात, ते गरम पाण्यात सोडायचे आणि चिमट्यानं पुढं धरायचे. सोमवारी अंड्यालासुद्धा न शिवणारी माझी बायको, फ्रीजरमधे वाटाण्याच्या पाकिटाशेजारी उंदराचं पाकीट ठेवायला लागली. "ज्याचं त्याचं खाणं," म्हणायची. पण पंधरा दिवसांनी एक, हे मात्र तिला कधीच पटलं नाही.

"भाऊ बहिणीकडं आला आणि पंधरा दिवसांतनं एकदा जेवला? शोभतं का आपल्याला?"

पहिल्या वर्षी श्रावण लागला तेव्हा तिनं त्यालाही श्रावण पाळायला लावला. महिनाभर घरात मास-मच्छी नाही म्हणजे नाही. दादा पेटीत बसून होता, दूध ठेवलं तर त्यात पाय धुतल्यासारखा फिरून आला. पाय नाहीत, पण तुम्हाला कळलं असेल. श्रावण संपला आणि हिला एवढं वाईट वाटलं की पुढच्या वर्षीपासनं तिनं त्याला श्रावण माफ केला, आणि महिन्याचं राहिलेलं भरून काढायला लागली. ते भरून काढणं काही वर्षं चाललं. आठवड्यात दोन उंदीर. सणाला तीन. तो चिमट्यातनं ओढून घ्यायचा आणि हिचा चेहरा असा व्हायचा की काय सांगू. मीही कधी "पुरे" म्हणलं नाही. माझा धंदाच वाढायचा. ज्याचं पान रिकामं दिसेल त्याला वाढ, एवढंच मला येतं.

दादा फुगत गेला. खवले ताणून मधली कातडी दिसायला लागली. आम्ही म्हणायचो, अंगात भरलाय.

मग एका वर्षी थंडी सरली आणि त्यानं उंदीर घेतला नाही. पुढं धरला, त्यानं जीभ काढली, वास घेतला आणि तोंड फिरवलं. ही म्हणली, कात टाकायची असेल. कात टाकली, तीही तुकड्यातुकड्यानं, जुन्या भिंतीचे पोपडे निघावेत तशी. तरी खाईना. ही रोज संध्याकाळी उंदीर गरम करायची, तो रोज तोंड फिरवायचा, आणि ही रोज त्याच्याशी बोलायची. "एवढासा घे. माझ्यासाठी घे. अर्धा तरी."

मग मी म्हणलं, बाजूला हो, हे आचाऱ्याचं काम आहे. उंदीर कोंबडीच्या पाण्यात बुडवला. हॉटेलातनं आलो होतो, हाताला लसणाचा वास दिवसभराचा. दादानं माझ्या हाताचा वास घेतला आणि सरळ पेटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथल्या प्लास्टिकच्या गवताखाली शिरला. माझ्या हातचं न खाता पानावरनं उठलेला तो पहिलाच, असं मी हिला म्हणलं. ही म्हणली, "पहिला कसला. माझा बाप विसरलात वाटतं."

पण हसली नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

साप बघणारी डॉक्टर शोधली. तरुण बाई होती. बाहेर बसायच्या जागेत सगळे ससे आणि मांजरं घेऊन बसलेले, आम्ही उशीच्या अभ्र्यात दादा घेऊन. आत कार्डावर पेशंटचं नाव विचारलं, हिनं सांगितलं "दादा", तर नर्सनं हाक मारली, "दादा-चान!" बाळाला मारतात तशी. त्याही वेळी ही हसली नाही.

माझं जपानी स्वयंपाकघरातलं. तिखट किती, मीठ किती, सात नंबरचं टेबल. हिचं बरं आहे, डबे भरायच्या कारखान्यात पार्टटाईम करून शिकली. तीच बोलली. डॉक्टरनं विचारलं, किती खायला देता?

ही जरा अभिमानानंच म्हणली, "आठवड्यात दोनदा. कधी तीनदा."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग पोटाचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. कलेजी सगळी चरबीनं भरली होती. एवढ्या वयाच्या सापाला महिन्यातनं एकदा दिलं तरी चालतं, म्हणली. तुम्ही एवढं का देत होता?

ही माझ्याकडं बघायला लागली. म्हणून मीच माझ्या मोडक्या जपानीत सांगायला गेलो. "आमच्यात पाहुणा नको म्हणला की वाढायचं असतं."

"आणि हो म्हणला तर?"

"तरी वाढायचं."

"आणि त्याला खरंच नको असलं तर?"

मी म्हणलं, "ते आम्हाला कळायची सोय नाही."

डॉक्टर हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. मग हळू आवाजात ही श्रावणाचं बोलली. पहिल्या वर्षी महिनाभर उपाशी ठेवलं होतं, त्यानं तर असं झालं नसेल ना? डॉक्टर म्हणली, "नाही. तेवढं तुम्ही फार चांगलं केलंत."

बसमधे ही अभ्रा मांडीवर धरून बसली होती. अभ्र्यावर हात ठेवून म्हणली, "मीच घातलं ना हे त्याच्या पोटात?"

मी म्हणलं, "माझं पोट बघ. हेही तुझंच काम. मी आहे ना अजून."

तिनं खिडकीकडं तोंड केलं. काही गोष्टींवर जोक करू नये हे मला कळतं, पण तोंडातनं निघून गेल्यावर.

डॉक्टरनं सांगितलं होतं, ऊब द्या, पाणी द्या, काही दिवस खाणं पुढं धरूच नका. रोज रोज धरल्यानं त्याला त्रास होतो. ऊब आणि पाणी हिनं मनापासनं केलं. पण मी कामावरनं आलो की मोरीत वाटीभर गरम पाणी, त्यात उंदीर.

"अगं, नको म्हणल्यात ना डॉक्टर."

"खायला कुठं घालतेय? नुसता वास घेऊ दे. वास घेतल्यानं भूक लागते."

"तुझ्या डोक्यात काय उंदीर भरलाय का?"

"तुमच्या डोक्यात काय भरलंय ते मी तीस वर्षं बघतेय. काही नाही."

दादा वाळत गेला. आधी जिथं गोल होता तिथं पाठीचा कणा वर आला, कडेला कातडीच्या चुण्या पडल्या. मी हातात घेतला की मनगटाला वेढा घालायचा, तो सुटायला लागला. नळीनं पातळ खाणं पोटात सोडता येईल, असं डॉक्टर म्हणली. त्यानं काही महिने जास्त मिळतील, कदाचित. त्याला आवडणार नाही, पण मिळतील. ही लगेच हो म्हणली. एवढं तरी पोटात जाईल म्हणून.

दादाला धरायचं काम माझं होतं. मोरीत पडलेला माणूस मी, आता त्याला आईनं पोर धरावं तसा धरून उभा. डॉक्टरनं तोंड उघडून नळी घातली. एवढीशी नळी. त्यानं एकदा अंग ताणलं, मग जोरच सोडून दिला. माझ्या हाताखाली काहीतरी हळूहळू धडधडत होतं. ही समोर उभी राहून बघत होती, ओठ हलत होते, पण ह्या वेळी "घे" म्हणत नव्हती.

घरी आणून पेटीत सोडला. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली आणि सगळं बाहेर काढलं. स्वच्छ कागदावर ते पसरलं, आणि तो तोंड उघडं ठेवून तसाच राहिला. हिनं कागद बदलला, त्याचं तोंड ओल्या कापसानं पुसलं, हात धुतले आणि स्टुलावर बसली.

"पुढच्या आठवड्यात नाही न्यायचं."

उलटं झालं ते माझं. एवढे दिवस तिला नको म्हणणारा मी, आता मलाच धीर निघेना. "अगं, एकदा उलटी झाली म्हणून काय. डॉक्टर म्हणल्या कमी कमी देऊन बघू. नुसता उपाशी ठेवायचा का?"

"अहो, तो नको म्हणतोय."

"आजारी माणूस नकोच म्हणतो."

"माणसाचं सोडा. हा किती महिने नको म्हणतोय. मला ऐकूच येत नव्हतं."

तिनं चिमटा घासून पुसला आणि गॅसच्या वरच्या फळीवर, तिचा हात सहज पोचत नाही तिथं, स्टुलावर चढून ठेवला.

त्यानंतर घर शांत झालं. दादा पुढचे काही महिने न खाता राहिला, उबेच्या बाजूला, कधी पाण्याच्या भांड्यात. ही कामावरनं आली की पाणी बदलायची आणि पेटीशेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालायची. माहेरच्या गोष्टी सांगायची त्याला, मीही कधी न ऐकलेल्या. तिचा भाऊ तापात शेवटी काही खात नव्हता, आणि सगळे त्याच्या तोंडाशी पेज धरून बसले होते, हे मला लग्नाला तीस वर्षं झाल्यावर सापाच्या पेटीशेजारी कळलं. मी भाजी चिरत होतो. चिरतच राहिलो.

दादा गेला तो थंडी सुरू व्हायच्या वेळी, सकाळी. मी कामावर निघालो होतो. "अहो, इकडं या," एवढंच ती म्हणली. उबेचा दिवा चालू होता, तो दिव्याखालीच होता, आणि गार होता.

इथं जनावरांना जाळायची वेगळी जागा असते. सुट्टी घेऊन आम्ही दोघं गेलो. काळ्या कोटातला माणूस होता, म्हातारा, त्यानं साप बघून जरासुद्धा तोंड वाकडं केलं नाही. दादाला पुठ्ठ्याच्या छोट्या पेटीत नीट गोल ठेवलं, वर पांढरी फुलं ठेवायला दिली. मग वाकून म्हणला, त्याला आवडायचं ते काही खाणं आणलं असेल तर सोबत ठेवता येईल. सगळेच ठेवतात.

मी पिशवीत हात घातला. सकाळी हिची नजर चुकवून मी फ्रीजरमधला शेवटचा उंदीर गरम पाण्यातनं काढून, पुसून, माझ्या डब्यात घातला होता. प्रवासाला निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

हिनं माझ्या पिशवीकडं बघितलं. तिला कळलं. मग त्या माणसाला, अगदी नीट जपानीत, कमरेत वाकून म्हणली, "नको. त्याला भूक नाहीये."

त्यानं झाकण लावलं.

परत येताना ट्रेनमधे पिशवी माझ्या मांडीवर होती. ही शेजारी बसली होती, डोळे मिटून. मी डबा घट्ट धरून बसलो, वास येऊ नये म्हणून, आणि माझ्याच डोळ्यातनं पाणी यायला लागलं. समोरच्या जपानी बाईनं न बघितल्यासारखं केलं.